कावा कोणाचा?

'कावा' हा शब्द मी दोनदा शिकलो. पहिल्यांदा इतिहासाच्या तासाला. गनिमी कावा म्हणजे मूठभर माणसांनी मोठ्या फौजेला चकवणे. परीक्षेत हमखास गुण. दुसऱ्यांदा त्याच गुरुजींच्या तोंडून. आईबरोबर कापूस वेचायला गेलो, तीन दिवस गैरहजर राहिलो आणि तापाचे कारण सांगितले. "मोठा कावेबाज आहेस!" वर्ग हसला.

कावा मुळात घोड्याचा शब्द. घोड्याला गोल फिरवणे म्हणजे कावा. पुढे त्याचा डावपेच झाला, मग कपट झाले. घोड्यावरच्याच्या वाट्याला त्यातला डावपेच आला. पायी चालणाऱ्याच्या वाट्याला कपट.

आमच्या वाशिमकडे वेचणीची मजुरी वजनावर मिळते. संध्याकाळी काटा मालकाच्या हातात. त्याने मापात मारले तर तो व्यवहार. वेचणारीने गाठोड्याच्या तळाशी ओला कापूस दाबला तर ती कावेबाज. आपल्या ग्रामीण कथेनेही बहुतेक हाच काटा वापरला. गावातला पाटील बेरकी, इरसाल. वाचक त्याच्यावर खूश. तेच वस्तीतल्या माणसाने केले की तो लबाड.

अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'त (१९५९) हा काटा उलटतो. फकिरा उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो, इंग्रज सरकारला झुलवतो, आणि लेखक त्याला कपटी म्हणत नाही. गनिमी कावा तिथे मांगवाड्याच्या हाती येतो.

जोतीराव फुल्यांनी १८६९ साली पुस्तकाला नाव दिले 'ब्राह्मणांचे कसब'. कसब हा कुंभाराच्या, चांभाराच्या हाताचा शब्द. फसवणुकीला कसब म्हटले की ती कुणाचा स्वभाव उरत नाही. शिकलेला, शिकवलेला, पोटापाण्याचा धंदा ठरते. कावेबाज म्हणणारा माणसाचा स्वभाव ठरवून मोकळा होतो. कसब म्हणणाऱ्याला धंद्याचा हिशेब मांडावा लागतो. मला फुल्यांचा शब्द जास्त धारदार वाटतो.

आणि आपण? आपल्यातलाच एखादा पुढारी वस्तीची घरकुले नातेवाइकांच्या नावावर करतो, तेव्हा आपण हसून म्हणतो, "लई चालू आहे गडी." त्या 'चालू'त कौतुक असते. तिथे काटा आपल्या हातात असतो.

आईने कधी कापूस भिजवला का, हे मी तिला विचारले नाही. भिजवला असेल तर त्याला काय म्हणावे? कोशातला शब्द मला चालत नाही, वस्तीतला अजून सापडलेला नाही.