घाट पाठ होणं : ‘इनिशियल डी आर्केड स्टेज’बद्दल थोडं

हा सेगाचा खेळ लोकांना का आवडतो, असं विचारलं की दोन उत्तरं ठरलेली : वेग आणि ड्रिफ्टिंग. सिनॉप्सिसमध्ये हेच लिहिलंत, तर गाईड लगेच विचारतील, मग हे बाकीच्या रेसिंग गेम्समध्ये नाही का? आहे की! म्हणजे ओढ नेमकी कशाची, ते अजून सापडलेलं नाही.

शुइची शिगेनो यांच्या १९९५ ते २०१३ या काळात चाललेल्या मांगा मालिकेवर हा खेळ बेतलाय. तिचा नायक ताकुमी हा टोफूवाल्याचा मुलगा. बापाची जुनी टोयोटा घेऊन तो पहाटे अकिना डोंगरावर (खऱ्या नकाशात गुन्मा प्रांतातला हारुना) टोफू पोचवतो. त्याचा वेग येतो तो रोज तोच रस्ता तुडवल्यामुळे. जपानीत अशा रस्त्याला ‘तोगे’ म्हणतात. आपल्याकडे ‘घाट’ हा शब्द तयार असल्यानं फार समजावावं लागत नाही.

आता थिअरी. रॉजर कायवा यांनी १९५८ मध्ये खेळांचे चार प्रकार सांगितले : स्पर्धा, नशीब, सोंग आणि गरगरणं. शर्यत दिसली की विद्यार्थी डोळे झाकून ‘स्पर्धा’ लिहून मोकळे होतात. पण इथे पहिल्या काही डावांत प्रतिस्पर्ध्याकडे बघायला फुरसतच नसते. उतार, अंधार, अरुंद रस्ता आणि अकिनावरची ती लागोपाठची पाच हेअरपिन वळणं. हे शुद्ध गरगरणं आहे. मग हळूहळू वळणं पाठ होतात. ब्रेक कुठे दाबायचा हे डोळ्यांआधी पायाला कळतं. गाडीची माहिती साठवणारं मॅग्नेटिक कार्ड खिशात घेऊन माणूस परत येतो, तेव्हा त्याला हरवायची असते स्वतःचीच मागची वेळ. गरगरणं पाठांतरानं काबूत आणण्याचं सुख, ही माझ्या मते खरी ओढ. ड्रिफ्टिंगचा दिमाख पोस्टरवर. खेळात मात्र भिंतीला घासलं की वेग पडतो, म्हणून दिखाऊ चालवणारा सहसा हरतो. पोस्टर एक सांगतं, नियम दुसरंच. विश्लेषण करताना नियमांवर विश्वास ठेवा.

दोघांच्या शर्यतीतला ‘बूस्ट’ मात्र मला पटत नाही. मागे पडलेल्या गाडीला यंत्रच जास्त वेग देतं. नाणं टाकणारा हिरमुसू नये, हा आर्केडचा धंदा झाला. पण त्यात घाट पाठ असण्याची किंमत कमी होते.

आणखी एक. मांगामध्ये समोरून अचानक गाडी येते, आणि सगळा हिशोब चुकतो. आर्केडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत रस्ता रिकामाच असतो. कठड्यावर आदळलात तरी दोन-तीन सेकंदच जातात, जीव नाही. पाठांतराचं सुख निर्वेध मिळावं म्हणून डोंगरातलं काय काय वगळलंय, याची यादी करून बघा. एका शोधनिबंधापुरतं काम तर त्या यादीतच निघेल.