बोलक्या वडिलांचा दुरावा : ‘कन्यादान’मधील ज्योतीच्या संदर्भात

मराठी समीक्षेत पती-पत्नी, सासू-सून, आई-मुलगा या नात्यांची जेवढी चर्चा झाली, तेवढी वडील-मुलगी या नात्याची झालेली नाही. वडिलांचा भावनिक दुरावा म्हटला की अबोल, करारी, घरात धाक असलेली व्यक्ती डोळ्यांसमोर येते. मुंबईच्या उपनगरांत या प्रतिमेत आणखी एक भर पडते. बोरिवली किंवा मुलुंडहून सकाळच्या लोकलने दक्षिण मुंबईतील कचेरी गाठणारे आणि मुले झोपी गेल्यावर घरी परतणारे वडील येथील अनेक पिढ्यांनी पाहिले आहेत. हा दुरावा पोटापाण्यासाठी होता, असे म्हणून मुली पुढे तो समजून घेतात. निदान त्याला कारण तरी सापडते. परंतु घरात मोकळेपणाने बोलणारे, मुलांना बरोबरीने वागवणारे पुरोगामी वडीलही मुलीपासून दूर असू शकतात काय? विलेपार्ले या उपनगरात दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या विजय तेंडुलकर (१९२८-२००८) यांच्या ‘कन्यादान’ (१९८३) या नाटकात या प्रश्नाचे उत्तर सापडते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

‘कन्यादान’वरील चर्चा मुख्यतः दलित-सवर्ण संघर्षाभोवती फिरत राहिली. अरुण आठवले या दलित कवीच्या चित्रणावर तीव्र आक्षेप घेतले गेले. पुढे १९९३चा सरस्वती सन्मान याच नाटकास मिळाला. आक्षेपांत तथ्य आहे. अरुणच्या क्रौर्याची मुळे त्याच्या जातीय भूतकाळातच शोधण्याकडे नाटकाचा कल आहे आणि ती त्याची मर्यादा होय. मात्र या वादात ज्योती केवळ प्रयोगाचे साधन म्हणून पाहिली गेली. मुलगी म्हणून तिचा विचार मागे पडला.

नाथ देवळालीकर हे समाजवादी आमदार. पुण्यातील त्यांच्या घरात सर्वांना मत मांडण्याचा अधिकार आहे. तरीही पहिल्याच प्रवेशात ज्योतीला आपल्या लग्नाचा निर्णय सांगण्यासाठी वडिलांच्या दौऱ्याच्या आणि बसच्या वेळांमधून सवड काढावी लागते. सभेपुढे विषय यावा तसा तो कुटुंबापुढे येतो. येथे विनोद आहे. पण त्याखाली एक सवयही आहे. वडिलांचे लक्ष हवे असेल तर त्यांना महत्त्वाचा वाटेल असाच विषय घेऊन गेले पाहिजे, हे ही मुलगी फार पूर्वी शिकलेली असावी. नियोजित वर दलित आहे हे कळताच नाथांना होणारा आनंद निर्व्याज आहे. परंतु तो ज्योतीसाठी कमी आणि आपल्या तत्त्वास घरातच मूर्त रूप मिळाले यासाठी अधिक आहे. याउलट सेवा विचारते त्या गोष्टी व्यवहारातल्या आहेत : ओळख किती दिवसांची, राहणार कुठे, चरितार्थ कसा चालणार. रूढ वाचनात सेवा येथे संकुचित ठरते. वस्तुतः मुलीच्या उद्याच्या दिवसाचा विचार त्या खोलीत तिने आणि तिच्या मुलाने, जयप्रकाशनेच केलेला आहे.

जॉन बोल्बी यांनी १९६९पासून मांडलेल्या भावबंधाच्या सिद्धांतानुसार मूल आपल्या पालकाच्या प्रतिसादावरून स्वतःविषयीची आणि नात्यांविषयीची धारणा बनवते आणि ती प्रौढपणीही टिकून राहते. ज्योतीच्या बाबतीत ही धारणा कोणती? माणसाचे दुःख समजून घ्यावे, त्याच्यातील चांगुलपणावर विश्वास ठेवावा, माघार घेऊ नये. या सर्व शिकवणीत तिच्या स्वतःच्या वेदनेला जागा नाही. म्हणूनच मार खाऊन ती माहेरी येते आणि परत न जाण्याचे ठरवते, तेव्हा नाथांना हा मोलाचा प्रयोग फसू नये याची चिंता लागते. ते क्रूर नाहीत, उदासीनही नाहीत. त्यांना मुलीचे बोलणे ऐकू येते, फक्त ते सिद्धांताच्या भाषेत रूपांतरित होऊन ऐकू येते. ज्योती परत जाते. तिने हा निर्णय स्वतः घेतला असे दिसते. पण त्या निर्णयाची घडण बालपणापासून चालू होती.

शांता गोखले यांच्या ‘रीटा वेलिणकर’ (१९९०) या कादंबरीशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. मुंबईत वाढलेली रीटा ही थोरली मुलगी. आत्ममग्न आईवडिलांमुळे कोवळ्या वयातच घराचा भार तिच्यावर येतो. विवाहित वरिष्ठाशी असलेल्या दीर्घ संबंधानंतर ती मनाने कोसळते. रुग्णालयात पडून ती गतायुष्याकडे पाहते, तेव्हा आपल्यावर काय अन्याय झाला हे तिला नेमके म्हणता येते. ज्योतीची अडचण अधिक बिकट आहे. तिला वडिलांनी काही नाकारलेले नाही; मग तक्रार कशाची करावयाची?

ती तक्रार अखेरच्या प्रवेशात येते. तिचे निमित्त अरुणच्या मारहाणीचे नसून नाथांच्या भाषणाचे आहे, हे लक्षणीय होय. अरुणच्या आत्मचरित्रावरील सभेत नाथ मनाविरुद्ध गौरवपर बोलतात, तेही मुलीला अधिक त्रास होऊ नये म्हणून. संपूर्ण नाटकात केवळ तिच्यासाठी म्हणून त्यांनी केलेली ही जवळजवळ एकमेव कृती आहे. ज्योती नेमकी तीच नाकारते. तत्त्वाखेरीज वडिलांचे प्रेम तिने कधी अनुभवलेलेच नाही, म्हणून तत्त्व सोडून आलेले प्रेम तिला ढोंग वाटते. मग ती वडिलांनाच त्यांची शिकवण ऐकवते, त्यांच्याच शब्दकळेत आणि त्यांच्याइतक्याच अस्खलितपणे. आपण आता देवळालीकर नसून आठवले आहोत असे सांगून ती निघते, आणि वडिलांनी आपल्याकडे येऊ नये असेही बजावते.