फितूर सैन्याची गोष्ट

रोगप्रतिकारशक्ती शिकवताना आपण बहुतेक शिक्षक सैन्याची उपमा वापरतो. पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक आणि जंतू म्हणजे शत्रू. आत्मप्रतिकार विकारांचा विषय निघाला की या गोष्टीला आणखी एक वाक्य जोडले जाते : ‘कधी कधी सैन्यच फितूर होते आणि आपल्याच शरीरावर हल्ला करते.’ मुलांना हे चटकन समजते, हा या वाक्याचा गुण. पण त्यामुळे ‘असे का होते?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यासारखे वाटते आणि चौकशी तिथेच थांबते. हा दोष किती मोठा आहे, ते एका विकाराच्या आधारे तपासून पाहू.

हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रवैद्याने १९३३ साली आपल्या प्रबंधात १९ स्त्रियांचे वर्णन केले. त्यांचे डोळे कोरडे पडत होते. अनेकींचे तोंडही कोरडे पडे आणि १३ जणींना सांध्यांचा विकार होता. ही वेगवेगळी दुखणी नसून सगळ्या शरीराचा एकच विकार आहे, हे शोग्रेन यांनी ओळखले. त्या विकाराला आज त्यांचेच नाव आहे. त्यात अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींमध्ये लसिका पेशींचे पुंजके जमतात. पुष्कळ रुग्णांच्या रक्तात ‘रो’ आणि ‘ला’ या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात.

आता फितुरीची गोष्ट इथे लावून पाहा. रो आणि ला ही प्रथिने शरीरातल्या जवळजवळ सर्व पेशींत असतात. मग मुख्य घाव याच ग्रंथींवर का? उपमेत याचे उत्तर नाही. दुसरे असे, की या गोष्टीत ग्रंथी म्हणजे निरपराध नागरिक. प्रत्यक्षात ग्रंथींच्या नलिकांचे अस्तर असलेल्या पेशी स्वतःच रासायनिक संदेश सोडून लसिका पेशींना बोलावतात आणि त्यांना चेतवतात. म्हणूनच ग्रीक वैद्य मुत्सोपुलोस यांनी १९९४ साली या विकाराला ‘अस्तरपेशींचा आत्मप्रतिकारी दाह’ म्हणावे असे सुचवले. तिसरे म्हणजे, ग्रंथीचा बराच भाग शाबूत असूनही काही रुग्णांचे तोंड कोरडे राहते. म्हणजे केवळ ‘विध्वंस’ झाला म्हणून लाळ आटली, असेही म्हणता येत नाही.

कारणांचा शोध घेताना एकच गुन्हेगार हाती लागत नाही. एचएलए गटातील काही जनुकांमुळे धोका वाढतो, पण ती जनुके असलेल्या बहुतेकांना हा विकार होत नाही. दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात. त्यामागे संप्रेरकांचा आणि एक्स गुणसूत्रांच्या संख्येचा वाटा असावा. लाळग्रंथीत वस्ती करणाऱ्या एपस्टाइन-बार विषाणूवर संशय आहे. विषाणूशी लढताना जागी होणारी इंटरफेरॉनची यंत्रणा अनेक रुग्णांत सतत जागीच राहिलेली दिसते. अनुवंश, लिंग आणि संसर्ग यांची अशी सांगड आहे.

उपमा चुकली तर काय बिघडते, असे कोणी विचारील. एखाद्या विद्यार्थ्याच्या आईला हा विकार असेल, तर सैन्याच्या गोष्टीवरून घरचे लोक काय समजतील? सैन्य बिघडले, तेव्हा त्याला बळ द्या! मग प्रतिकारशक्ती ‘वाढवणारी’ चूर्णे घरात येतात. इथे प्रतिकारयंत्रणा दुबळी नसते, उलट तिचा काही भाग अतिसक्रिय असतो. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी सतत उत्तेजित राहतात, आणि म्हणूनच या रुग्णांत लसिका पेशींच्या कर्करोगाचा धोका वाढलेला असतो. शिवाय चाळिशी-पन्नाशीतल्या बाईने कोरडेपणाची तक्रार केली, की ‘वयामुळे होते’ किंवा ‘पाणी कमी पिता’ असे सांगून तिची बोळवण होते. निदान व्हायला कित्येक वर्षे जातात.

उपमा टाकूनच द्यावी असे नाही. पण ती सांगून झाल्यावर वर्गाला तीन प्रश्न जरूर विचारावेत : हल्ला इथेच का? याच व्यक्तीत का? आत्ताच का? मुलांना पाण्याशिवाय एक कोरडे बिस्किट चावायला द्यावे, म्हणजे लाळेची किंमत त्यांना कळेल. आणि तीन प्रश्नांपैकी एकाचेही पूर्ण उत्तर विज्ञानाला अजून सापडलेले नाही, हे त्यांना मोकळेपणाने सांगावे. फितुरीच्या गोष्टीपेक्षा मुले त्यातून अधिक विज्ञान शिकतील.