रुग्णाची आत्मिक शुश्रूषा

रुग्णाच्या देहाची काळजी वैद्यानें घ्यावी व मनाची धर्मोपदेशकानें, अशी एक सोयीची वाटणी पुष्कळांनीं करून ठेविली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. चार दिवसांच्या तापांत ती खपून जाईल. परंतु ज्यास महिनेच्या महिने खाटेवर काढावयाचे, त्याची गोष्ट निराळी. त्याला उठून जातां येत नाहीं. म्हणूनच त्याच्या उशाशीं कोणीं काय बोलावें, याचा विचार जपून केला पाहिजे.

बिलोलीसारख्या सीमेवरील तालुक्यांत मराठी, तेलुगू व उर्दू या तिन्ही भाषा कानीं पडतात. तेथील एका रुग्णास हरिपाठ हवा असेल, दुसऱ्यास कुराणांतील आयत, तिसऱ्यास नुसती स्वस्थता. तिघांस एकच उपदेश ऐकविणें ही शुश्रूषा नव्हे, सक्ती होय.

शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यांत, डिचपल्ली येथें, डॉ. इझाबेल कर या मेथडिस्ट मिशनच्या स्कॉटिश बाईंनीं १९१५ च्या सुमारास कुष्ठरुग्णालय उभारिलें. त्यास नरसा गौड या हिंदु दात्यानें द्रव्य दिलें. समाजानें दूर लोटलेल्यांस अशा संस्थांनीं आसरा दिला, हें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. तथापि रुग्णसेवेंत धर्मांतराचा हेतु मिसळूं नये, हा एकंदर वैद्यकीय मिशनांविषयींचा गांधीजींचा आग्रहही आम्हांस सयुक्तिक वाटतो. उपकाराखालीं दबलेल्या माणसाचा होकार हा खरा होकार नसतो.

मग करावें काय? याचें उत्तर आम्हांस वर्ध्याजवळच्या सेवाग्रामांत सांपडतें. १९३९ सालीं संस्कृतज्ञ परचुरेशास्त्री कुष्ठानें पीडित होऊन तेथें आले. गांधीजींनीं आपल्या कुटीजवळ त्यांस झोपडी बांधून दिली व स्वहस्तें त्यांच्या अंगास मालिश केलें. एवढ्यावरच थांबतें, तर ती थोर करुणा ठरली असती. परंतु पुढें आश्रमांतील विवाहाचें पौरोहित्यही त्यांच्याकडे सोंपविण्यांत आलें. ज्यांचा स्पर्श लोक टाळीत, त्यांच्याच मुखानें वधूवरांस आशीर्वाद मिळाला. शास्त्रीबोवांस कोणीं नवा धर्म शिकविला नाहीं. त्यांच्यापाशीं जें होतें, तेंच त्यांच्याकडून मागून घेतलें. आमच्या मतें आत्मिक शुश्रूषेचें मर्म हेंच आहे.

कोणी म्हणेल, शास्त्रीबोवा विद्वान होते. बिलोलीच्या शेतमजुरापाशीं मागावें असें काय आहे? आमचें उत्तर असें कीं, विचारून पाहावें. जात्यावरच्या ओव्या, जमिनीची पारख, भजनांतील एखादी चाल, यांपैकीं कांहींना कांहीं प्रत्येकापाशीं असतें. तें विचारणारा मात्र भेटत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २००२ सालीं उपशामक शुश्रूषेची जी व्याख्या केली, तींत शारीरिक दुःखाबरोबर आध्यात्मिक दुःखाचीही दखल घेतली. ही व्याख्या योग्यच आहे. परंतु तिच्या आधारें रुग्णालयांत केवळ प्रवचनकारांची भर पडणार असेल, तर मूळ हेतु फसला असें समजावें. खाटेवरच्या माणसास आधीं बोलूं द्यावें. सांगणाऱ्यांची उणीव त्यास कधींच नव्हती.