अपूर्णतेचा अधिकार : ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’

एखादी कलाकृती ‘सत्य घटनेवर आधारलेली’ आहे असे सांगितले जाते, ते रसिकाचा विश्वास संपादन करण्यासाठी, असा सर्वसाधारण समज आहे. पीटर वीअर यांच्या १९७५ सालच्या या ऑस्ट्रेलियन चित्रपटात मात्र त्या विधानाचे कार्य निराळे आहे.

आरंभीच पडद्यावर निवेदन येते : शनिवार, १४ फेब्रुवारी १९०० रोजी व्हिक्टोरियातील ॲपलयार्ड विद्यालयाच्या मुली हँगिंग रॉकवर सहलीस गेल्या आणि त्यांच्यापैकी काही जणी मागमूस न ठेवता नाहीशा झाल्या. वस्तुतः हे कथानक जोन लिंडसे यांच्या १९६७ सालच्या कादंबरीतले आहे. अशी घटना घडल्याचा पुरावा नाही. त्या तारखेस शनिवार नसून बुधवार होता.

मग हा सत्याचा आव कशासाठी? कल्पित कथा सांगणारा वाचकाला शेवटाचे देणे लागतो. इतिहास ते लागत नाही. ‘हे घडले’ असे म्हणताच कलावंताला अपूर्णतेचा अधिकार प्राप्त होतो. लिंडसे यांनी लिहिलेले, रहस्याची उकल सुचविणारे अखेरचे प्रकरण कादंबरीतून गाळण्यात आले. ते त्यांच्या निधनानंतर, १९८७ मध्ये, प्रसिद्ध झाले. त्याच्या अभावी कादंबरीचे काही बिघडले नव्हते, हे लक्षणीय होय.

चित्रपटातील भय कोणत्याही भीषण दृश्यातून निर्माण होत नाही. भर दुपारी घड्याळे बंद पडतात, मुली ऊन खात पहुडतात, पॅनफ्लूटचे स्वर येत राहतात, एवढेच. खरा आघात मागे उरलेल्यांवर होतो. परत सापडलेल्या अर्माला काहीच आठवत नाही. तेव्हा तिच्या सोबतिणी उत्तरासाठी किंचाळत तिच्यावर तुटून पडतात. या प्रसंगी प्रेक्षकाला त्या घोळक्यात स्वतःचा चेहरा दिसावा. उकलीचा हट्ट किती निर्दय असू शकतो, हे चित्रपट येथे दाखवितो.

तथापि एक आक्षेप उरतोच. त्या भूमीचे आदिम रहिवासी एकोणिसाव्या शतकात वसाहतवाल्यांनी तेथून हुसकावून लावले. ते नाहीसे होणे कल्पित नव्हते. तीन गौरवर्णी मुली आणि एक शिक्षिका यांचे कल्पित अंतर्धान लोकांनी सत्य म्हणून स्मरणात जपले. खऱ्या विस्थापनाला मात्र अशी कथा दीर्घकाळ लाभली नाही. सत्याचा आभास निर्माण करणाऱ्या कलेचे सामर्थ्य यातून सिद्ध होते, आणि तिची जबाबदारीही.