नाथसागरावरचा मत्स्यविनोद

छत्रपती संभाजीनगरात नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, टक्क्यांत मोजला जातो. पावसाळ्यात रोज सकाळी वर्तमानपत्रात आकडा येतो आणि दिवसभर तोच बोलण्यात फिरतो. वरच्या धरणांतून किती सुटलं, किती टीएमसी आलं, पातळी 1522 फुटांच्या किती जवळ गेली. शहराच्या नळाला पाणी जायकवाडीचंच, तेव्हा या आकड्यात जीव अडकणं स्वाभाविक आहे. पण याच पाण्याचं आणखी एक वाचन आहे. ते पैठणच्या बाजूला, पहाटे, होडीत बसून करायचं असतं. आपलं आपल्याला ते जमत नाही. जो रोज करतो त्याच्या शेजारी बसून शिकावं लागतं.

एक होडी, एक जाणता मासेमार आणि एकच पाहुणा, एवढीच त्याची मांडणी. परवाना त्याचा, गळ त्याचा, कुठं थांबायचं हा निर्णयही त्याचाच. जायकवाडी 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. त्यामुळे स्वतःची काठी घेऊन हौसेनं बसायचं असेल तर वन आणि मत्स्यव्यवसाय या दोन्ही खात्यांना आधी विचारावं. मी बघणाऱ्याची जागा आवडीनं पत्करली आहे. अमेरिकेत तळ्यावर बास मासा धरायला वाटाड्या घेऊन जायची रीत आहे आणि त्यावर मोठा व्यवसाय चालतो. नाथसागरावर तशी पाटी लावून कुणी बसलेलं नसतं. तरी त्या सहलीचा गाभा, म्हणजे पाणी ओळखणाऱ्या माणसाच्या जवळ काही तास बसणं, इथं पुरेपूर मिळतो. बैठकीत पहिल्या रांगेत बसल्यावर तान घेण्याआधीचा गवयाचा श्वास ऐकू येतो, तसं हे जवळून ऐकणं आहे.

नाथसागर अथांग दिसतो, पण मुळात तो पसरट आहे. धरणाची लांबी जवळपास दहा किलोमीटर, उंची मात्र 41 मीटरच्या आसपास. भरला की पाणी साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरात पसरतं. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं, आणि मधल्या दशकात गोदाकाठची गावं उठली. माणसं आणि गुरं गेली. बांध, विहिरी, ओटे, गाडीवाटा जागच्या जागी राहिल्या आणि त्यांच्यावर पाणी चढलं. होडी जाते ती त्यांच्यावरून.

‘हितं नाही, अजून म्होरं. तिथं आमची इहीर हाय,’ असं आमचे वाटाडे मासेमार मामा सांगतात, तेव्हा समोर चारी बाजूंना सारखंच करडं पाणी असतं. मामा पलीकडच्या काठावरचा देवळाचा कळस त्याच्या मागच्या झाडाशी जुळवतात. मग मान वळवून दुसऱ्या बाजूच्या दोन खुणा एका रेषेत आणतात. दोन्ही रेषा जिथं एकमेकींना छेदतात तिथं वल्हं थांबतं. बांबू खाली सोडला की टक् असा दगडाचा आवाज हाताला कळतो. विहिरीचा कठडा. तो कठडा पाण्याखाली जाण्यापूर्वी ज्यांनी पाहिला ती माणसं आज साठीपलीकडे आहेत. पुढच्या पिढीला तो वडिलांच्या बोलण्यातून मिळाला आहे. उन्हाळ्यात पाणी उतरतं, काठावर गाळपेर होते, काही भिंती उघड्या पडतात, आणि हा तोंडी नकाशा दरवर्षी एकदा डोळ्यांनी पडताळून घेतला जातो.

मासा तिथंच का बसतो, याचं उत्तर त्या दगडांत आहे. सपाट चिखलाच्या तळावर आसरा नसतो. दगडावर शेवाळ धरतं, शेवाळात किडे राहतात, किड्यांवर बारीक मासळी येते आणि तिच्यामागे मोठा मासा. शिवाय सावली मिळते आणि लपायला कोपरे मिळतात. बुडालेल्या बाभळीच्या खोडाचं, जुन्या बांधाचं, गोदावरीच्या मूळ पात्राच्या काठाचं महत्त्व याच कारणानं. माणसाची वस्ती उठली आणि तिच्याच चौथऱ्यांवर माशांची वस्ती बसली, हे कळल्यावर त्या पाण्याकडे आधीसारखं पाहता येत नाही.

जागा ठरली की खोली ठरवायची, आणि ती माशाच्या तोंडावर लिहिलेली असते. कटल्याचं तोंड मोठं आणि वर वळलेलं, तो वरच्या थरातलं सूक्ष्म अन्न गाळून खातो. मृगळाचं तोंड खालच्या बाजूला, तो तळाचा गाळ चाळतो. रोहू दोघांच्या मधला, झालरीसारख्या ओठांनी वनस्पती आणि शेवाळ खुडणारा. धरणात बोटुकली सोडतात ती याच तिघांची एकत्र, कारण तिघं एकमेकांच्या ताटात जेवत नाहीत. मामांना हे कुणी वर्गात शिकवलेलं नाही. ते तंगूस वितीवितीनं मोजून बूच सरकवतात आणि आमिष हव्या त्या थरात लोंबतं. तळातून बुडबुड्यांची बारीक ओळ वर येत असेल तर खाली कुणीतरी गाळ उकरतंय असं समजून बूच आणखी वर नेतात. नदीसुरय पक्षी एका ठिकाणी घिरट्या घालून पाण्यात सूर मारू लागले तर तिथं बारीक मासळी वर आलेली असते, आणि मोठाही आसपास असण्याची शक्यता असते. वारा रात्रभर एकाच दिशेनं वाहिला असेल तर अन्न ज्या काठाला लोटलं गेलं त्या काठाकडे होडी वळते.

मग बूच. गळाच्या खेळाचा सगळा अभिनय या एवढ्याशा तुकड्यावर चालतो. पाण्यावर कवडसा हलला तरी ते हलल्यासारखं दिसतं, आणि नवखा माणूस हात आवळतो. मामा हलत नाहीत. बारीक चिंगळ्या टोचतात तेव्हा बूच नुसतं थरथरतं. चिलापी भराभर हिसके देते. रोहू आधी चाचपतो, सोडतो, परत येतो, आणि एका क्षणी बूच तिरकं होऊन संथपणे सरकायला लागतं. झटका द्यायचा तो तेव्हा. आधी दिला तर आमिष तोंडातून निसटतं, उशिरा दिला तर त्यानं गळ ओळखून थुंकलेला असतो. या सबंध सकाळीतली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट म्हणजे मामांच्या हातातला तो नकार. बूच बुडतंय, मी श्वास रोखलाय, आणि हात अजून स्थिर. जे येतंय ते अजून पुरतं आलेलं नाही, हे त्या हाताला माझ्याआधी कळलेलं असतं.

ही कला या मातीत किती जुनी आहे याचा एक ग्रंथबद्ध पुरावा आपल्याकडे आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वरानं 1131 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आणि मराठवाडा त्याच राज्याचा भाग होता. मराठी वाचकाला हा संस्कृत ग्रंथ ठाऊक असतो तो त्यातल्या जुन्या मराठी गीतपंक्तींमुळे. पाच विंशती, म्हणजे शंभर प्रकरणं. राज्य कसं मिळवावं इथपासून स्वयंपाक, गायन, हत्ती, कुस्ती असं सगळं त्यात आहे. चौथ्या विंशतीत राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकींमध्ये, एक मत्स्यविनोद आहे: गळानं मासे धरण्याचा विनोद. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादून छापला, आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या प्रकरणाचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला.

विनोदासाठी लिहिलेलं हे प्रकरण वाचताना मला त्याची घडण फार भावते. सोमेश्वर पराक्रमाचं वर्णन करत सुटत नाही. आधी मासे सांगतो, पस्तीसएक प्रकारचे. समुद्रातले वेगळे, गोड्या पाण्यातले वेगळे, खवल्यांचे वेगळे, बिनखवल्यांचे वेगळे. रोहित, पाठीन अशी नावं तिथं भेटतात. मग कुणाला काय खायला घालायचं ते येतं. धान्यावर, पिठाच्या गोळ्यांवर येणारा कोण आणि मांसावर येणारा कोण, याचा भेद तो काटेकोर पाळतो. काठी, दोरा, गळ यांचं सामान येतंच. पण भर आहे तो ओळखीवर आणि आहारावर. माशाला आधी खाऊ घालून जागेची सवय लावायची, हा विचार त्यात मुरलेला आहे. मामाही तेच करतात. पेंड आणि कणीक मळून केलेले गोळे आदल्या संध्याकाळी ठरलेल्या जागी टाकून ठेवतात, दुसऱ्या दिवशी पहाटे गळ. साडेआठशेपेक्षा जास्त वर्षांचं अंतर असूनही क्रम तोच आहे: ओळख, आहार, जागा, आणि गळ सगळ्यांत शेवटी. ज्या माणसाला थेट गळापासून सुरुवात करायची आहे त्याच्या हाती या विनोदाचा शेपटाकडचा भागच लागतो, असं माझं ठाम मत आहे.

बास आपल्याकडे नाही, पण त्याच्या स्वभावाचा मासा आहे: मरळ. दोघंही गवताच्या आडोशाला दबा धरतात आणि टप्प्यात आलेल्यावर एकदम तुटून पडतात. म्हणूनच बाससाठी बनवलेला रबरी बेडूक मरळीलाही चालतो. खरा बेडूक टोचून लावायची जुनी रीत मला पाहवत नाही, रबरी आला हे बरं झालं. मरळ कल्ल्यांशिवाय हवेतूनही श्वास घेते, त्यासाठी ठरावीक वेळानं वर येते, आणि पाणकणसाच्या कडेला पाण्यावर एक गोल उमटून विरतो. वाटाड्याचं लक्ष त्या गोलाकडे असतं. एकदा आम्हाला गोलाऐवजी केशरी ठिपक्यांचा एक दाट थवा दिसला, पाण्याच्या पृष्ठभागाखाली उकळल्यासारखा हलणारा. मरळीची पिल्लं. त्यांच्या खाली आईबाप राखण करत असतात आणि त्या काळात ते जवळ येणाऱ्या कशावरही झेपावतात, म्हणजे पकडायला सर्वांत सोपे. मामांनी काठी आत घेतली आणि होडी वळवली. ‘हिला उचललं तर समदी पिल्लं चिलापी खाऊन टाकंल,’ एवढंच म्हणाले.

त्या वाक्यात जलाशयाचा मोठा प्रश्न आहे. चिलापी आफ्रिकेतली, 1952 मध्ये भारतात आणलेली, आणि आता आपल्या धरणांत घट्ट रुजलेली. बासची गोष्ट याहून वेगळी नाही. 1932 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात 22 पौंड 4 औंसांचा बास गळाला लागला आणि तो विक्रम कित्येक दशकं टिकला. 2009 मध्ये त्याची बरोबरी झाली ती अमेरिकेत नाही, जपानच्या बिवा सरोवरात. बास तिथला नव्हेच. 1925 मध्ये तो जपानमध्ये आणला गेला, पुढे बिवात पसरला आणि तिथल्या मूळच्या माशांवर त्यानं संक्रांत आणली. इतकी, की आता त्या प्रांतात पकडलेला बास परत पाण्यात सोडायला बंदी आहे. खेळासाठी बाहेरचा मासा आणावा असं कुणी नाथसागराबद्दल सुचवलं, तर बिवाचं उदाहरण समोर ठेवावं. मरळ पुरेशी आहे. खेळ म्हणून ती कुठंच कमी पडत नाही.

मत्स्यविनोदात मला एक उणीव मात्र जाणवते, आणि रसग्रहण करताना ती लपवणं बरं नाही. पस्तीस माशांची नावं, त्यांचं खाणं, त्यांचे प्रकार ही माहिती सोमेश्वराला सिंहासनावर बसून मिळालेली नसणार. कुणीतरी रोज पाण्यावर जात होतं, रोज गोळे टाकत होतं, कोण खातं आणि कोण खात नाही ते पाहत होतं. ग्रंथावर नाव राजाचं आहे. पाण्याकाठच्या त्या माणसांचं ज्ञान श्लोकांत उरलं, ती माणसं उरली नाहीत. कुठल्याही वाटाड्याच्या होडीत बसल्यावर मला त्यांची आठवण येते, कारण आजही शहरातून आलेला पाहुणा ‘आज मोठा मासा मिळाला’ असं सांगतो आणि ज्यानं जागा दाखवली त्याचा उल्लेख सहसा होत नाही.

नाथसागरावर हेच पुन्हा घडायला नको असेल तर वेळ थोडा आहे. बुडीत विहिरी, बांध, देवळांचे चौथरे, आमराया यांच्या जागा आणि त्यांची मासेमारांत चालणारी नावं कुठंही एकत्र लिहिलेली मला आढळली नाहीत. गाव उठताना ज्यांनी पाहिलं ती पिढी झपाट्यानं कमी होते आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ पैठणपासून पन्नासएक किलोमीटरवर आहे. तिथल्या भूगोलाच्या किंवा प्राणिशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्यानं होडीवाल्यांसोबत बसून या जागा नकाशावर उतरवाव्यात, आणि प्रत्येक जागेखाली ती सांगणाऱ्याचं नाव त्याच्या संमतीनं घालावं. काम मे महिन्यात सुरू करावं. पाणी तेव्हा सर्वांत खाली असतं, आणि सांगितलेली विहीर खरोखर त्याच ठिकाणी आहे का हे पायी जाऊन पाहता येतं.