चार अंगुळांचा आधार

काळ बेभरवशाचा झाला की माणसं पायाखालची जमीन चाचपू लागतात. योगवर्गांत आणि मोबाइलवरच्या चित्रफितींत हल्ली मूलाधार चक्राचं नाव वारंवार कानी पडतं, ते त्यामुळेच. पाठीच्या कण्याच्या तळाशी लाल रंग कल्पावा, अनवाणी मातीवर उभं राहावं, ‘लं’ हे बीजाक्षर घोळवावं, म्हणजे मन ठिकाणावर येतं, असं सांगितलं जातं. या सल्ल्यातला बराचसा ऐवज सोळाव्या शतकातल्या पूर्णानंदांच्या ‘षट्चक्रनिरूपण’ या संस्कृत ग्रंथाकडे जातो. जॉन वुडरॉफ यांनी १९१९ साली त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि तिथून चक्रं जगभर फिरली. पूर्णानंदांचा मूलाधार चार लाल पाकळ्यांचा आहे. आत पृथ्वीतत्त्वाचा पिवळा चौकोन आणि बीजाक्षराला वाहून नेणारा हत्ती.

मराठी वाचकाला मात्र इतक्या दूरच्या वाटेनं जायची गरज नाही. पूर्णानंदांच्या आधी जवळपास तीनशे वर्षं, शके १२१२ म्हणजे १२९० साली, नेवाशात ज्ञानदेवांनी गीतेवर मराठी टीका सांगितली. तिच्या सहाव्या अध्यायात हाच आधार आहे. तो पाकळ्या मोजत येत नाही; बसायचं कुठे, कशावर आणि कसं, या साध्या प्रश्नांतून येतो.

हा उतारा एखाद्या निवांत अभ्यासिकेपेक्षा सारंगखेड्याच्या यात्रेत वाचावा असं मला वाटतं. शहादा तालुक्यातलं हे तापीकाठचं गाव. दत्तजयंतीला, मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास, इथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजार. मारवाडी, काठेवाडी घोडे येतात, रेवाल चाल पारखली जाते, भाव ठरतात आणि मोडतात. भोवतीचा मुलूख कापसाचा, पपईचा, मिरचीचा. नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि एका अवकाळी पावसात तिची माती होते. सातपुड्यातली कुटुंबं हंगाम आला की ऊसतोडीला, गुजरातेत मजुरीला निघतात. जमिनीचा आधार इथल्या माणसाला ठाऊक आहे, तसा तिचा बेभरवसाही.

ज्ञानदेवांचा उतारा अशा मुलखाला काय सांगतो? वरवर पाहिलं तर तो यात्रेच्या अगदी उलट टोकाला आहे. गीतेतल्या या अध्यायाच्या अकराव्या श्लोकात जागेबद्दल ‘शुद्ध जागी’ एवढंच आहे. ज्ञानदेव त्या एवढ्याशा निर्देशावर सुमारे वीस ओव्या रचतात. जागा कशी असावी हे सांगण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. ते मोजमाप देत नाहीत, परिणाम सांगतात. जिथे बसल्यावर उठावंसं वाटणार नाही, जिथे नुसतं पाहिल्यानं वैराग्य दुणावेल. मग ती जागा ते विरुद्ध स्वभावाच्या माणसांवर पारखून पाहतात. पाखंड्यालाही तिथे तप करावंसं वाटलं पाहिजे. सहज वाटेनं चाललेला संसारी तिथे पोचला तर त्यानं परतायचं विसरलं पाहिजे. विलासी राजाच्या मनातही राज्य टाकून इथेच राहावं असं आलं पाहिजे. आधीच विरक्त असलेल्याला जागा आवडली, यात जागेचा मोठेपणा तो कोणता?

पुढे पाणी, सावली, ऊन, वारा येतात. पावलापावलाला पाणी, तेही पावसाळ्यात निर्मळ. ऊन कोवळं, वारा मंद. आणि मग पक्षी. इथे ओवी हसू लागते. राव्यांचा कलकलाट नको, भुंग्यांची गुणगुण नको. पाण्याच्या आसऱ्यानं राहणारे हंस आणि दोनचार सारस चालतील. अधूनमधून एखादी कोकिळा आली तर येऊ द्यावी. मोरांचा कायमचा मुक्काम नको, पण येणारे-जाणारे मोर असले तर आपली ना नाही. योगशास्त्राचा आचार्य नियम सांगता सांगता सवलती देतो आहे. हट्टी आचार्यानं पक्ष्यांना सरसकट बंदी केली असती. ज्ञानदेवांना ठाऊक आहे की संपूर्ण निःशब्द जागा पृथ्वीवर मिळायची नाही आणि मिळाली तर ती राहण्याजोगी असायची नाही. शेवटी एखादा आडबाजूचा मठ किंवा शिवालय, दोहोंपैकी जे चित्ताला मानवेल ते घ्यावं, असं सांगून ते निवड साधकाच्याच हाती देतात. मन कुठे ठरतं ते आधी पाहावं आणि ते ठरेल तिथे आसन मांडावं. एवढं रमवून रंगवलेल्या वर्णनाचा निष्कर्ष इतका मोकळा निघतो.

आता आसन. तळाशी अखंड दर्भ, त्यावर धुतलेल्या वस्त्राची घडी, वर मृगाजिन. थर गीतेतलेच आहेत; उंचीबद्दलचं कारण ज्ञानदेवांचं. आसन फार उंच झालं तर अंग डोलेल, फार खाली गेलं तर जमिनीचा दोष लागेल. आजच्या सल्ल्यात मातीशी थेट स्पर्श हा उपाय आहे. ज्ञानदेवांच्या मांडणीत उघडी जमीन हा एक धोका आहे, ओल आणि गारठा देणारा. साधक पृथ्वीवर बसतो, पण तिच्यात रुतत नाही. जमिनीची साथ हवी आणि तिच्यापासून बेतानं अंतरही हवं. ज्याच्या शेतातून नदी वाहते, त्याला हे वेगळं शिकवायला नको.

आसन तयार झालं म्हणजे पाय मुडपून बसावं, असं वाटतं. ज्ञानदेव मध्येच थांबवतात. आधी सद्गुरूंचं स्मरण. ते इतक्या आदरानं की अहंकाराचा कठीणपणा विरघळावा, विषयांचा विसर पडावा, इंद्रियांची चुळबुळ मोडावी आणि मनाची घडी हृदयात घातली जावी. हे ऐक्य सहज लाभेपर्यंत थांबावं आणि मग त्याच बोधानं आसनावर बसावं. मूलाधाराकडे जाणारी वाट हृदयातून काढली आहे, हे या क्रमातलं विशेष. शरीराच्या तळाशी काही घडण्याआधी मनातलं काहीतरी मऊ व्हावं लागतं. भ्यायलेला, आखडलेला माणूस पक्का बसू शकत नाही.

यानंतरच्या ओव्यांत कवीच्या हाती जणू ओळंबा येतो. मांड्या पोटऱ्यांना जुळवाव्यात, तळपाय आधाररूपी वृक्षाच्या बुडाशी नीट बसवावेत. उजवा खाली, त्यानं शिवण दाबावी. डावा आपसूक वर येतो. मग मोजमाप: गुद आणि लिंग यांमधली जागा चार अंगुळांची. दोन्हीकडून दीड दीड अंगूळ सोडलं की मध्ये एक अंगूळ उरतं. टाचेचा वरचा भाग नेमका तिथे, अंग तोलून, टेकवायचा. अध्यात्माच्या ग्रंथात इतका सरळ हिशेब आणि तोही ओवीत! देहाच्या ज्या भागाचा उच्चार करायला शिष्ट भाषा संकोचते, तिथे ज्ञानदेव ना लाजतात, ना अलंकार चढवतात. जागा जितकी अवघड, तितकी भाषा कारागिराची.

आणि लगेच पुढच्या ओवीत सगळ्या हिशेबावर मात करणारी सूचना येते. पाठीचा खालचा भाग उचलायचा, पण उचलला आहे की नाही हे कळू नये इतका. मग सगळ्या शरीराचा सांगाडा टाचेच्या माथ्यावर जणू स्वयंभू उभा राहतो. याला मूळबंध म्हणतात, वज्रासन हे त्याचं गौण नाव, असं ते सांगून टाकतात. पंधराव्या शतकातल्या ‘हठप्रदीपिके’त हाच बंध संस्कृतात येतो, टाच आणि आकुंचन यांच्या नेमक्या व्याख्येसह. ज्ञानदेवांकडे व्याख्येच्या जोडीला अनुभवाची चव आहे. ‘कळू नये इतकं’ हे माप अंगुळांत बसत नाही. आधार पकडायचा, पण आवळायचा नाही. घोडा पारखायला त्यावर बसलेल्या जाणत्याची मांड अशीच असते: गुडघे आवळले की घोडा बिथरतो, सैल सोडले की माणूस पडतो. खालचं जनावर हलतं आहे म्हणूनच वरच्या बैठकीला अर्थ येतो.

स्थिर बसणं हेच साध्य मानणाऱ्याला पुढचा भाग धक्का देतो. बंध बसला की अपानवायू उलटा फिरतो, कोंडतो, आतल्या आत धिंगाणा घालतो. मग देहाच्या तळाशी निजलेली शक्ती, कुंडलिनी, दिसते: कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिलू, साडेतीन वेटोळी घालून, तोंड खाली करून झोपलेलं. वात्सल्य आणि भय एकाच चित्रात. भीती वाटायची ती नागीण. पण पिलू, तेही न्हाऊन-माखून निजलेलं. ते जागं होतं ते भुकेलेलं. आणि ते खातं काय? देहातली पृथ्वी आणि देहातलं पाणी. दोन्ही महाभूतं फस्त केल्यावर कुंडलिनीची तृप्ती होते आणि ती सुषुम्ना नाडीपाशी सौम्य होऊन राहते. ज्या पृथ्वीवर इतक्या निगुतीनं आसन मांडलं, तीच गिळली जाते. पुढे तर पृथ्वी पाण्यात, पाणी तेजात, तेज वाऱ्यात विरत जातं. ज्ञानदेवांच्या आधाराला मुक्काम मान्य नाही. पक्कं बसायचं ते बदल सोसता यावा म्हणून, बदल टाळता यावा म्हणून नव्हे. स्थिरतेच्या नावाखाली आहे तसंच राहण्याची सोय शोधणाऱ्याला हा अध्याय अडचणीत आणतो.

सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताच्या दारात हे अधिक उमगतं. महानुभाव पंथात श्रीदत्तात्रेयप्रभू पंचकृष्णांत गणले जातात आणि एकमुखी मानले जातात. या पंथाचे प्रवर्तक, ज्ञानदेवांच्याच शतकात महाराष्ट्रभर फिरलेल्या चक्रधरांनी अनुयायांना अटनाचा, एका जागी न गुंतण्याचा आचार घालून दिला. लोकश्रद्धेतला दत्तही एका ठिकाणी राहत नाही: भिक्षा कोल्हापुरात, निद्रा माहूरला. नाथपंथातून आलेले ज्ञानदेव आसनाची जागा वीस ओव्यांत निवडतात आणि चक्रधर जागेचाच मोह सोडायला सांगतात. वाटा वेगळ्या, तत्त्वज्ञानही वेगळं. पण आधार गावावर, घरावर किंवा भिंतीवर टाकून मोकळं होता येत नाही, हे दोघांच्याही मांडणीतून निघतं.

बाजाराचा संदर्भ तर ज्ञानदेव स्वतःच देतात. पिंडानंच पिंड गिळण्याचं हे गुह्य नाथांच्या संकेतातलं आहे, असं सांगून ते म्हणतात की त्या सूचक अर्थाच्या मालाचं गाठोडं आपण सोडलं, खऱ्या अर्थाची घडी झटकून उलगडून दाखवली, कारण समोरचे श्रोते गिऱ्हाईक आहेत हे ओळखलं. गुरुशिष्यांच्या कानगोष्टीत राहिलेली विद्या मराठीच्या पेठेत मांडल्याची ही कबुली आहे, आणि तिच्यात व्यापाऱ्याचा उत्साहही आहे. पुढे अर्जुन बिचकतो. हे योग्यता असलेल्यालाच जमणार ना? तेव्हा माल पुन्हा येतो, पण उलट्या अर्थानं. योग्यता ही अशी सहज मिळणारी वस्तू नाही आणि योग्य माणसांची कुठे खाण नसते. थोडा विरक्त झालेला, देहाच्या व्यवहारात नियमित असलेला माणूस हाच अधिकारी. विद्या उघड्यावर मांडायची. पात्रता मात्र विकत मिळत नाही, ती सुरुवात केल्यानंतर येते. दीक्षेचे दर ठरवणाऱ्या आजच्या चक्रबाजाराला हे उत्तर पुरेसं आहे.

नियमितपणा म्हणजे काय, हेही लगोलग सांगितलं आहे. गीतेच्या सोळाव्या-सतराव्या श्लोकांचा विस्तार करताना ज्ञानदेव जेवण मोजकं, चालणं मोजकं, बोलणं बेताचं आणि झोप वेळेवर, असा दिवस आखून देतात. अट्टहासानं उपास करणारा आणि पोटाचा गुलाम, दोघांनाही त्यांनी सारखंच बाजूला काढलं आहे. मन वाऱ्यासारखं आहे, आवरणार कसं, हा अर्जुनाचा प्रश्न येतो तेव्हा मन चंचल नाही असा खोटा धीर कोणी देत नाही. अभ्यास आणि वैराग्य एवढीच दोन नावं पुढे होतात. मध्येच साधना तुटली तरी केलेलं वाया जात नाही, हे आश्वासनही याच अध्यायातलं. आणि बाराव्या अध्यायात याच योगवाटेचे कष्ट सांगून भक्तीची वाट सोपी ठरवणारेही ज्ञानदेवच आहेत. आपल्या सर्वांत झळाळत्या वर्णनावर त्यांनी स्वतःच मर्यादा घातली आहे.

म्हणून या अध्यायाकडे आधारासाठी येणाऱ्यानं कुंडलिनीच्या ओव्यांवर आधी झडप घालू नये. बंध हे जाणत्या शिक्षकासमोर शिकायचे, पुस्तकावरून करायचे नाहीत. नव्या वाचकानं आधी नेमस्त जेवणाझोपेच्या ओव्या वाचाव्यात, मग उंच-नीच आसनाच्या, मग जागेच्या, आणि सर्वांत शेवटी नागिणीच्या पिलापाशी यावं. क्रम उलटा आहे, पण पथारीवरची मिरची झाकायला रात्री उठणाऱ्या, हंगामासाठी घर सोडणाऱ्या माणसाला तो जमण्यासारखा आहे. शांत तळं आणि दोनचार सारस त्याच्या वाट्याला येतील न येतील. मोजकं खाणं आणि वेळेवर झोपणं त्याच्या हातात काही अंशी तरी असतं. ज्ञानदेवांनी अधिकार दिला तोही तेवढ्यावरच.